चोर बाजारात मिळालेलं अर्धगोल किल्लीचं सिलिंडर: सुरुवात कुठून करू?

मृदुला (दादर)
किल्लीशिवाय कुलूप उघडायचा माझा छंद. साधी पिनांची कुलुपं आता हाताला कळतात: पट्टीने हलका ताण, एकेक पिन वर, बारीकशी टिक, आणि गाभा (किल्ली जाते तो आतला फिरता भाग) फिरतो. परवा चोर बाजारात, मटन स्ट्रीटला, जुन्या हार्डवेअरच्या ढिगात एक पितळी सिलिंडर मिळालं. किल्लीसकट. किल्लीचा छेद अर्धगोल, दात नाहीत, कडेला तिरके काप. आत पिन उचलायचा हुक घातला तर काहीच उसळत नाही. हे काय आहे? हुकाने उघडेल?

जुना टूलरूमवाला (लालबाग)
बाई, छान वस्तू मिळवलीस! हे चकत्यांचं कुलूप. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने 1907 साली ही रचना काढली, ॲब्लॉय हे नाव त्यातूनच पुढे आलं. आत स्प्रिंगच नसते, म्हणून काही उसळत नाही.

प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच असते. किल्लीवरचा काप जसा तिरका, तेवढी ती चकती फिरते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची सळई त्यांत उतरते आणि गाभा मोकळा होतो. हुक इथे निकामी, कारण काही उचलायचंच नाही, फिरवायचं आहे. हत्यार दोन भागांचं लागतं: एका भागाने एका चकतीवर ताण धरायचा, दुसऱ्याच्या टोकाने बाकीच्या एकेक करून फिरवायच्या. नागदेवी स्ट्रीटवरून सिल्व्हर स्टीलची बारीक सळई आण आणि कानशीने घास. विकतच्यापेक्षा स्वतः घासलेलं टोक हाताशी जास्त बोलतं.

पण त्याआधी कुलूप सुटं करून आतून बघ. खरी खाच खोल असते. काही चकत्यांना उथळ, खोट्या खाचाही ठेवतात. सळई तिथे जराशी बसते आणि वाटतं, जमलं. दोन्हींवरून नख फिरवून बघ. हा फरक बोटांना आधी माहीत असला तर कुलूप बंद असतानाही कळतो.

प्रणव (ठाणे)
काका, नाही पटलं. आधीच खोलून पाहिलं तर कोडं उरलं कुठे? ब्रामा या इंग्रज कारागिराचं, कुणालाच उघडत नाही म्हणून गाजलेलं कुलूप हॉब्स या अमेरिकन कुलूपवाल्याने 1851 साली लंडनमध्ये उघडलं, 16 दिवसांत मिळून 51 तास घालवून. त्याने कुठे आत पाहिलं होतं?

जुना टूलरूमवाला (लालबाग)
प्रणव, ब्रामाने त्या रचनेचं पेटंट 1784 सालीच घेतलं होतं. किल्लीने कुलपातल्या पट्ट्या आत दाबायच्या हे गुपित नव्हतं. 18 पट्ट्यांतली कुठली किती दाबायची, तेवढंच गुपित, आणि 51 तास गेले ते त्यात. रचना ठाऊक असली म्हणजे उत्तर ठाऊक असतं असं नाही. मृदुलाने चकत्या पाहून नंतर क्रम बदलून जोडल्या, तर कोडं तिच्यासाठी पुन्हा नवंच.

भायखळ्याचा चावीवाला
धंद्यातला माणूस म्हणून एवढंच: स्वतःचंच कुलूप, तेही दारावर बसवलेलं नसलेलं. चाळीत शेजारी कौतुकाने आपलं लॅच पुढे करतात, तरी नको. आत काही अडकलं तर रात्री त्यांनी घरात जायचं कसं?

मृदुला (दादर)
समजलं, दादा. काका, चकत्या सुटल्यावर क्रम कसा राखू?

जुना टूलरूमवाला (लालबाग)
काढशील तशा तांब्याच्या तारेत ओवत जा, सगळ्यांची पुढची बाजू एकाच दिशेला. मधल्या पातळ वॉशरसुद्धा त्याच क्रमाने ओव. मग वहीत प्रत्येकीची खाच कुठे आहे ते काढ. क्रम बदलशील तेव्हा मूळ किल्ली चालणार नाही, म्हणून तो बदल जोडण्याआधीच लिहून ठेव.