मदत हवी आहे: ओलोतहून समुद्रापर्यंत सायकलने
स्पेनच्या कातालुन्या प्रांतात ओलोतच्या ज्वालामुखी टेकड्यांतून जिरोनामार्गे सांत फेलिउ दे गिशोल्सच्या किनाऱ्यापर्यंत, १९६९ मध्ये बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेच्या जागी आता सायकलवाट आहे, आणि साठी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन तिथे जाण्याचा आमचा विचार आहे. रूळ गेले तरी रेल्वेचा सौम्य चढ-उतार राहिला असल्याने, आणि ओलोतनंतरचा चढ संपला की बहुतांश उतारच असल्याने, त्यांना तो झेपेल असे वाटते. बाबांना खरा रस जुन्या स्थानकांत आहे, ते सोडा. दाबलेल्या मातीच्या या वाटेवर पावसानंतर बारीक टायरची सायकल घसरते का? ओलोतला भाड्याने घेतलेली सायकल किनाऱ्यावर परत करता येते का, आणि जिरोना शहरात रहदारी कितपत लागते, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.