मदत हवी आहे: पीसचं वजन घसरतंय, स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं

नमस्कार मंडळी, प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगवाले कोणी असाल तर जरा बघा.

पीपी प्लास्टिकचं झाकण आहे, 4 कॅव्हिटी (साच्यातल्या पोकळ्या), कोल्ड रनर (माल नेणारी वाट, पीससोबत गोठून बाहेर येते). पीस 18.4 ग्रॅमचा यायला हवा. शिफ्ट सुरू होते तेव्हा येतोही. पाच-सहा तासांनी मधूनच एखाद्या शॉटला (साचा एकदा भरला की एक शॉट) पीस 18.1 वर येतो आणि रिबच्या मागे सिंक मार्क, म्हणजे खड्डा दिसतो. सेटर होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर माल धरून ठेवणारा दाब) वाढवतो, खड्डा जातो. दोन तासांनी पार्टिंग लाइनला, म्हणजे साच्याच्या सांध्यावर, फ्लॅश (बाहेर आलेला जादा माल). पुढच्या शिफ्टचा सेटर प्रेशर उतरवतो, की खड्डा परत हजर. आठवडाभर हेच चाललंय. सेटिंग शीट नक्की कोणाची धरायची, हेही आता कळत नाही.

मशीन अलार्म देत नाही, कारण मर्यादाच इतक्या ढिल्या ठेवल्यात की त्यातून बैलगाडी जाईल. म्हणून दर अर्ध्या तासाला आकडे वहीत उतरवतोय. फिल टाइम 1.2 सेकंद, हलत नाही. पीक प्रेशर किरकोळ खालीवर. बॅरलचं तापमान ठीक. कुशन (होल्डनंतर स्क्रूपुढे उरणारा माल) मात्र 6 मिमी, मग 2.5, मग 5, पुन्हा 3!

चेक रिंग (स्क्रूच्या टोकाची, माल मागे जाऊ न देणारी) गेली म्हणायची का? की 20 टक्के ग्राइंडिंग (दळलेला जुना माल) घालतो त्याचा दोष? स्क्रू काढायचा तर मशीन दिवसभर बंद राहणार, साहेबांना ठोस कारण द्यावं लागेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1
ग्राइंडिंगमुळे माल घट्ट-पातळ होत असता, तर तेवढ्याच वेळात भरायला प्रेशर कमी-जास्त लागलं असतं. तुमचं पीक प्रेशर जागेवर आहे, त्यामुळे माझा संशय रिंगवरच. पण खोलण्याआधी एक करा. होल्डिंग टाइम एकेक सेकंद वाढवत न्या, रनर तोडून नुसते पीस तोला. वजन वाढायचं थांबलं की समजा गेट (रनरमधून पीसमध्ये माल शिरतो ते तोंड) गोठला. मग त्याहून 5 सेकंद जास्त होल्ड देऊन स्क्रूच्या पोझिशनवर नजर ठेवा. गेट बंद झाल्यावर स्क्रूला पुढे जायचं कारण नाही. तरी सरकत राहिला, तर माल रिंगवरून मागे पळतोय.

धागाकर्ता
केलं. गेट 5 सेकंदांना गोठतो, आणि आमच्या शीटवर होल्डिंग 3.5! कोणी लिहिलंय देव जाणे. 10 सेकंद होल्ड दिल्यावर काही शॉटला स्क्रू गप्प उभा, काहींना हळूहळू पुढे सरकतो.

प्रतिसाद 2
म्हणजे दुखणी दोन. गेट उघडा असताना होल्ड सुटतो, तेव्हा कॅव्हिटीतला माल उलटा रनरकडे येतो. आजच होल्ड 6 करा, कूलिंग तेवढंच कमी करा म्हणजे सायकल वाढणार नाही. मोल्ड थोडा जास्त भरेल, तेव्हा पहिले काही शॉट फ्लॅशसाठी बघा. रिंग कधी बसते कधी नाही, तर सीटमध्ये कचरा किंवा धातूची चीप अडकली असेल. ग्राइंडरवर चुंबक आहे का? आणि स्क्रू बाहेर काढलाच आहे तर बॅरलचा बोर मोजूनच घ्या. तो झिजला असेल तर नवी रिंगही गळणार.

धागाकर्ता
चुंबक हॉपरला होता, साफ करताना काढला तो परत लावलाच नाही. साहेबांनी मंगळवार दिलाय. कुशनचा अलार्म किती मिमीवर लावू?

प्रतिसाद 2
आत्ता नको. रिंगचं काम झाल्यावर सलग 50 शॉटचं कुशन लिहून इथे टाका, मग ठरवू.