गुरूने दिलं ते जसंच्या तसं पुढे द्यायचं की आपली भर घालायची?

संथा:
हल्ली प्रवचनांत आणि रील्समध्ये एक गोष्ट फार खटकतेय. उपनिषदातलं एखादं वाक्य घ्यायचं, त्यात आपलं काहीतरी मिसळायचं आणि 'शास्त्रात सांगितलंय' म्हणून ठोकून द्यायचं. ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही की ऋषी कुठे संपले आणि हा माणूस कुठे सुरू झाला. माझं मत स्पष्ट आहे, परंपरेने आलंय ते काना-मात्रा न बदलता पुढे द्यावं आणि स्वतःचं काही असेल तर ते स्वतःच्या नावावर सांगावं.

मी लहानपणी सहा वर्षं वेदपाठशाळेत होतो. गुरुजी एकदा म्हणायचे, आम्ही दोनदा, यालाच संथा म्हणतात. सुरुवातीला अनुदात्त (खालचा) स्वर आला की मान खाली, स्वरित आला की वर, आणि चुकलं की ते काही न बोलता डोक्यावर हात ठेवून मान वळवायचे, तो हात मला अजून जाणवतो. स्वर गळ्यात बसला की मान हलवणं बंद. मग पद, क्रम, जटा, घन, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या क्रमाने म्हणायच्या पद्धती. घनात तीन पदं क, ख, ग धरली तर कख खक कखग गखक कखग असं म्हणायचं, म्हणजे एक अक्षर जरी घसरलं तरी पुढच्याच फेरीत उघडं पडतं. ऋग्वेदाची १०२८ सूक्तं अशीच तोंडी टिकली. पाणिनीय शिक्षा या उच्चारणावरच्या ग्रंथात तर 'लिखितपाठक', म्हणजे पोथीत बघून म्हणणारा, अधम पाठकांत मोजलाय!

परिप्रश्न:
त्याच श्लोकात 'अनर्थज्ञ' पण आहे हो, अर्थ न कळता म्हणणारा. तोही अधमच. आणि यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, काय म्हटलंय, वेद पाठ करून अर्थ न जाणणारा नुसता ओझं वाहणारा खांब. अक्षरं टिकली हे शंभर टक्के मान्य, पण धाग्याचं नाव 'गुरूने दिलं ते' असं आहे ना? गुरू फक्त अक्षरं देतो का?

छांदोग्य उपनिषदातली देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन यांची गोष्ट बघा. दोघांचा गुरू एकच, प्रजापती. दोघं ३२ वर्षं राहिले, दोघांनी पाण्याच्या भांड्यात वाकून आपलं प्रतिबिंब बघितलं, दोघांना एकच वाक्य मिळालं की हाच आत्मा. विरोचन समाधानाने परत गेला आणि असुरांना सांगून बसला की देह म्हणजेच आत्मा, त्याचीच पूजा करा. इंद्र अर्ध्या वाटेत थांबला, की शरीर आंधळं झालं तर हा आत्मा पण आंधळा होणार, मग यात काय मिळालं? तो परत आला, पुन्हा शंका घेऊन गेला, पुन्हा आला, अशी १०१ वर्षं. आता सांगा, निष्ठावान शिष्य कोण?

संथा:
इंद्रच. पण तो शंका घेऊन प्रजापतीकडे परत गेला, स्वतःचं उत्तर प्रजापतीच्या नावावर खपवलं नाही. माझं भांडण प्रश्नाशी नाहीच, खपवण्याशी आहे.

पोथीपान:
संथा यांना +१. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि एकनाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ ला. तीनशे वर्षंही झाली नव्हती तर नकलांमध्ये इतके पाठभेद घुसले होते! नाथांनी शुद्ध प्रत केली, शेवटी आपलं नाव आणि शक घातला आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. हे म्हणणारा माणूस स्वतः केवढा मोठा कवी, पण भागवताच्या एकादश (अकराव्या) स्कंधावर लिहिलं ते वेगळा ग्रंथ म्हणून.

परिप्रश्न:
मग माउलींनी काय केलं? गीतेचे ७०० श्लोक, ओव्या नऊ हजारांच्या आसपास. ही भर नाही?

पोथीपान:
आहे की. पण 'भाष्यकारातें वाट पुसतु', म्हणजे भाष्यकारांना वाट विचारत चाललोय, असं ते स्वतःच सांगतात. श्लोक जागच्या जागी, ओवी तिच्या जागी. कुठलं कुणाचं ते लहान पोरालाही कळतं.

ओसरीवरून:
तुम्हा सगळ्यांचं वाचलं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आम्हा बायकांना ही संथा मिळालीच नाही. माझी आजी ओसरीवर बसून आतलं ऐकायची, ऐकून ऐकून तिला कितीतरी पाठ होतं पण मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. तिची चूक सुधारायला डोक्यावर हात कोण ठेवणार? पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणग्रंथात ऋग्वेदाच्या २१ शाखा, म्हणजे पाठपरंपरा, मोजल्यात, आज म्हणणारे आहेत ते मुख्यतः एका शाकल शाखेचे. बाकीच्या कुणी भर घातली म्हणून गेल्या नाहीत, पुढे घेणारं कुणी उरलं नाही म्हणून गेल्या. गीतेत चौथ्या अध्यायात कृष्णच म्हणतो की परंपरेने आलेला हा योग काळाच्या ओघात नष्ट झाला. काना-मात्रा सांभाळलीत, माणसं किती बाहेर ठेवलीत ते पण मोजा.

संथा:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या पाठशाळेत खिडकीबाहेर एक मुलगी उभी राहायची, आम्ही अडखळलो की पुढचं पद तिच्या ओठांवर दिसायचं. गुरुजींना दिसत होतं, मलाही दिसत होतं. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की ती आत का नाही.

परिप्रश्न:
हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर गुरुजी काय म्हणाले असते असं वाटतं?

संथा:
रागावले असते बहुतेक. पण दुसऱ्या दिवशी खिडकीकडे तोंड करून बसले असते, असंही वाटतं.