जुना कंटेनर घ्यायचाय, डीलरची ग्रेड काय कळेना

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. जांबोटीकडं शेत आहे, काजू नि भात ठेवायला जागा नाही, पत्र्याची शेड आहे खरं ती पावसात गळते नि उंदरांचा त्रास वेगळाच, म्हणून 20 फुटी कंटेनर आणून टाकावा म्हणालोय. तीन डीलरना फोन केला. एक म्हणाला ए ग्रेड आहे, दुसरा म्हणाला डब्ल्यूडब्ल्यूटी, तिसरा कार्गो वर्दी म्हणाला नि वर वन ट्रिप घ्या साहेब, नवाच असतोय म्हणून मागं लागलाय. रेटमध्ये लई फरक आहे. ह्यातलं चांगलं कुठलं नि माझ्या कामाला कुठलं पुरेल, कुणी नीट सांगेल काय?

उद्यमबाग_फॅब:
दादा, पहिलं म्हणजे ए बी सी ग्रेड विसरा. त्याला जगभर एकच असा नियम नाही, ज्याचं यार्ड त्याची ग्रेड, एकाचा ए दुसऱ्याकडं बी मध्ये पण बसणार नाही. बाकीच्या शब्दांना तरी काहीतरी अर्थ आहे. वन ट्रिप म्हणजे कारखान्यातनं, बहुतेक चीनमधनं, एकदाच माल भरून आलेला, म्हणजे जवळजवळ नवा, खरं थोडे ओरखडे असणारच. कार्गो वर्दी म्हणजे परत माल भरून जहाजावर चढवण्याइतका सांगाडा मजबूत. डब्ल्यूडब्ल्यूटी म्हणजे वारा-पाणी आत येत नाही एवढीच गॅरंटी, बाहेरनं गंज, पोचे, ठिगळं सगळं चालतं त्यात. आणि ॲज इज म्हणाले तर आहे तसा, नंतर बोंबलायचं नाही.

तुम्हाला काय तो जहाजावर घालायचा नाही. शेतात ठेवायचा असेल तर चांगला डब्ल्यूडब्ल्यूटी बास होतोय. आमच्याकडं साईट ऑफिस करून घेणारे येतात, ते दिसायला पाहिजे म्हणून वन ट्रिप घेतात, त्यांचं बरोबर आहे, काजूला काय दिसणं घेऊन करायचंय?

न्हावाशेवा_निपाणी:
मी मूळचा निपाणीचा, पोर्टच्या बाजूला यार्डात कामाला आहे. वरचं बरोबर आहे, अजून थोडं सांगतो. दरवाजावर एक धातूची पट्टी असते, सीएससी प्लेट म्हणतात, त्यावर कुठल्या महिन्यात कुठल्या साली बनवला ते असतं, जास्तीत जास्त वजन असतं. बनल्यापासून 5 वर्षांच्या आत पहिली तपासणी नि मग दर 30 महिन्यांनी, हा जहाजावर जाणाऱ्या कंटेनरचा नियम. काहींवर तारखेऐवजी एसीईपी लिहिलेलं असतंय, म्हणजे कंपनीची तपासणी कायम चालू असते. त्यामुळं कार्गो वर्दी म्हणून जास्त पैसे मागालेत तर विचारा, तपासणीचा कागद दाखव, तोंडी कार्गो वर्दी नको. आयआयसीएल पण ऐकायला मिळेल, ते भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांचं अजून कडक मोजमाप.

आता खरं काम. रंग बघून भुलू नका, रंग सगळ्यात स्वस्त आहे. चुंबक घेऊन जा नि बाजूच्या पत्र्यावर, खास करून खालच्या दोन फुटात नि कोपऱ्याजवळ फिरवा. जिथं पकड ढिली होते तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय म्हणून समजा, पत्रा खाऊन गेलेला असतोय. मग आत जाऊन दोन्ही दारं ओढून घ्या नि अंधारात वर बघा, छताला सुईएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. दुपारचं ऊन असताना करा हे, संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. दाराची रबर गॅस्केट बोटानं दाबा, कडक होऊन तडकली असेल तर तिथनंच पाणी येणार. खाली वाकून फ्लोअरखालचे आडवे लोखंडी चॅनेल पण बघा, सगळे वरनंच बघून येतात. गंज पापुद्र्यासारखा निघत असला तर सोडा, वरवरचा तांबूस असला तर घाबरू नका, ते स्टीलच तसलं असतं.

चिकोडी_ट्रान्सपोर्ट:
फ्लोअरचा वास घ्या वो! साधारण 28 मिमीचा प्लायवूड असतो, त्याला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं, प्लेटवर त्याचं नाव पण असतं. वर अजून कुठला केमिकल माल सांडला असेल तर वास उन्हात लगेच येतो. काजू-भात ठेवणार असाल तर वास येणारा कंटेनर फुकट दिला तरी नको. आणि फवारणीची औषधं काजूसोबत ठेवू नका, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, परदेशी कंटेनर आपल्याकडं परत पाठवायच्या बोलीवर ड्युटी न भरता येतात. इथं विकायचा तर ड्युटी भरावी लागते. म्हणून बिलासोबत ड्युटी भरल्याचा कागद नि कंटेनर नंबर मागा, नंबर दारावर चार अक्षरं नि सात आकड्यांचा असतो, बिलावरचा नि दारावरचा जुळला पाहिजे. जुळला नाही तर पैसे देऊ नका.

जांबोटीकर:
लई उपकार. एकाकडनं प्लेटचा फोटो मागवला, त्यावर मार्च 2009 आहे. एवढा जुना घ्यावा काय?

न्हावाशेवा_निपाणी:
लाईनवाले, म्हणजे जहाज कंपन्या, दहा-पंधरा वर्षं वापरून विकून टाकतात, त्यामुळं वयावर जाऊ नका. छत, गॅस्केट, खालचे चॅनेल ठीक असतील तर घ्या. मात्र त्याला कार्गो वर्दीचा रेट देऊ नका.

उद्यमबाग_फॅब:
अजून एक, जांबोटीकडच्या पावसात अगदी वन ट्रिप घेतला तरी आत पाणी सुटतं. ते गळणं नव्हे, दमट हवा गार पत्र्याला लागून छतातनं थेंब पडतात. कंटेनरची स्वतःची भोकं हवा खेळायला पुरत नाहीत. वर फिरता व्हेंट बसवा, माल पॅलेटवर भिंतीपासून लांब ठेवा, शक्य असेल तर वर वेगळा पत्रा मारा. जमिनीवर तसाच टाकू नका, सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो, तिथं काँक्रीटचे पाये करा, सपाटीत नसेल तर फ्रेम पिळते नि दारं लागत नाहीत. रिकामा 20 फुटी सव्वादोन टनांच्या आसपास, उचलायला हायड्रा, म्हणजे क्रेन, लागेल, म्हणून पाऊस लागायच्या आत आणा. शेतातल्या चिखलात हायड्रा रुतली की तिचंच भाडं कंटेनरएवढं होतंय.

जांबोटीकर:
शनिवारी बघायला निघालोय, चुंबक जुन्या स्पीकरमधला काढून ठेवलाय. पाये किती उंच करू, एक फूट पुरेल काय?

उद्यमबाग_फॅब:
तुमच्याकडं दीड करा. खाली हवा पण खेळेल नि उद्या खालचा चॅनेल रंगवायला माणूस आत शिरेल.