शाळेच्या रिक्षामामांची माहिती कुठं तपासता येते? (मदत हवी आहे)

मुलगी दुसरीत आहे. जुन्या रिक्षामामांनी गुडघेदुखीमुळं रिक्षा सोडली, जूनपासून नवे मामा आलेत. माणूस वेळेचा पक्का, माझी तक्रार काहीच नाही. खरं मागच्या आठवड्यात आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एक अंधुक फोटो टाकला : 'हा सरकारच्या यादीत आहे, पोरं सांभाळा.' कोणी म्हणालं मामांसारखा दिसतोय. मला तर तो कुणाहीसारखा दिसतो. तेव्हापासून झोप नाही.

नणंद फ्लोरिडात असते. तिथं लैंगिक गुन्हेगारांची यादी सगळ्यांना खुली. पत्ता नोंदवून ठेवला की असा कोणी जवळपास राहायला आल्यावर ईमेल येतो म्हणे. आपल्याकडं असं काही आहे का? कोल्हापुरात विचारायचं कुठं?

— रंकाळ्याची_राणी

ताई, यादी आहे, खरं आपल्याला उघडी नाही. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृहखात्यानं सुरू केली, सांभाळते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. सुरुवातीलाच ४ लाख ४० हजारांवर नोंदी होत्या. बघायची मुभा फक्त पोलिस आणि तपास यंत्रणांना. मग गल्लीतल्या माणसाला ती दिसली कशी? फोटो पुढं पाठवू नका, उद्या बदनामीची केस तुमच्यावर यायची.

मामांना चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा. अर्ज ज्याचा त्यानंच करायचा असतो, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) २०२० च्या नियमांनुसार शाळेनं आपल्या कर्मचाऱ्यांची, कंत्राटी असले तरी, ठराविक काळानं पोलिस पडताळणी करून घ्यायची असते. गोम अशी की तुमचे मामा शाळेचे नाहीत, पालकांनी ठरवलेले. तिथं तुम्हीच मालक, तुम्हीच शाळा.

— बावड्याचा_वकील

वकीलसाहेबांचं बरोबर. खरं दाखला कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कधी तक्रारच झाली नसेल तर कागदावर येणार काय? शेवटी कोण उतरतं, पोरगी पुढं मामांशेजारी बसते का, वाट बदलली का, हे रोज गप्पांत काढायचं. उलटतपासणी नको, नाहीतर पोरं गप्प बसतात. काही वावगं कळलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा. आणि पाचसहा पालकांनी मिळून दाखला मागा, एकट्या बाईनं मागितला की माणसाला टोचतं.

— आज्जी_मंगळवारपेठ

आज्जी, तसंच केलं. चौघी मिळून बोललो. मामा जरा गप्प झाले, मग म्हणाले, "माझीबी लेक चौथीत हाय, काढतो की." मोबाईलवर अर्ज मीच भरून दिला. शेवटी माझीच मुलगी उतरते हे मला आजवर माहीत नव्हतं. आता क्रम बदलायला सांगितलाय. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला 'कुठून आला?' विचारलं, दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

— रंकाळ्याची_राणी