पाच वेळा दुसरा नंबर, पहिला एकदाही नाही? क्रीडन्सचा हिशोब कोणी सांगेल का

गोदाकाठ_नांदेड

राम राम मंडळी. घरात एक वाद पेटलाय, तो मिटवून द्या.

माझ्या मामांचं वजिराबादेत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान गेलं, कॅसेटींचा ढीग राहिला. त्यात क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल ह्या अमेरिकन बँडची एक भरून घेतलेली कॅसेट आहे. आतल्या कागदावर बॉलपेननं गाण्यांची नावं, निम्मी चुकीच्या स्पेलिंगात. ही कॅसेट लागली की मामा कोणाशी बोलत नाहीत.

मामांचं म्हणणं, ‘बॅड मून रायझिंग’ हे एक नंबरला गेलेलं गाणं आहे. मी शोधलं, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ह्या बँडचं एकही गाणं कधीच पहिलं आलेलं नाही. पाच वेळा दुसरं मात्र आलंय. मामांना दाखवलं तर म्हणाले, “तुझा मोबाइल कालचा आहे, मी हे कधीपासून ऐकू लालोय!”

खरं कोणाचं? आणि ज्यांचं एक गाणंही पहिलं नाही, त्यांना लोक एवढं कामून मानतात? दिवाळीनंतर मामांची साठी आहे. एक एलपी द्यावी म्हणतो, रेकॉर्ड प्लेअर त्यांनी स्वतःच दुरुस्त करून ठेवलाय. कोणती घेऊ?

लातूरची_मेरिट

दोघांचंही खरं. मामा विलायतेचं बोलू लालेत, तू अमेरिकेचं. ‘बॅड मून रायझिंग’ सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथंच बसलं. अमेरिकेत त्याच गाण्याला दुसरा नंबर. गुणवत्ता यादी लागायची त्या काळात आमच्या लातूर बोर्डात दुसरं आलेलं पोरगं त्याच मार्कांवर दुसऱ्या बोर्डात पहिलं आलं असतं, तसलंच हे. पेपर तोच, बोर्ड वेगळं. मामांना पेढा द्या.

नाथसागर_पैठण

लातूरच्या ताईंनी मुद्दा संपवला, पण मला राहवत नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी पाटबंधारे खात्यात होतो, जायकवाडीवर. कॉलनीत आमच्या एका सहकाऱ्याचा भाऊ अमेरिकेत होता, त्यानं ‘क्रॉनिकल’ नावाचा दोन एलपींचा संच पाठवला होता. १९७६ साली निघालेला, वीस गाणी, सगळी निघाली त्या क्रमानं लावलेली. म्हणजे संच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला की बँडची आख्खी कारकीर्द कानाखालून जाते. ‘हूल स्टॉप द रेन’ (म्हणजे ‘पाऊस कोण थांबवणार’) लागलं की आमचे डेप्युटी इंजिनिअर ओरडायचे, “अरे थांबवता कशाला, धरण भरायचंय अजून!” ह्या माणसांची पावसाची दोन गाणी, आणि ती कोण ऐकतंय तर मृग कोरडा गेला म्हणून आभाळाकडं बघत बसलेली मराठवाड्याची माणसं.

असो. पाच दुसऱ्या नंबरांकडं येतो. त्या पाच वेळांचा पट मला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक वेळी आडवं कोण आलं ते बघण्यासारखं आहे.

‘प्राउड मेरी’, मार्च १९६९. वर आधी स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं ‘एव्हरीडे पीपल’, ते हलतंय तोवर टॉमी रोचं ‘डिझी’ येऊन बसलं. एकाच्या मागं उभं राहावं, तो उठावा आणि खुर्चीत तिसराच बसावा!

‘बॅड मून रायझिंग’, जूनअखेर १९६९. ह्याला अडवलं हेन्री मॅन्सिनीच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या सुरावटीनं. त्यात शब्दच नाहीत, नुसतं पियानो आणि व्हायोलिनं. बँडचा गायक जॉन फॉगर्टी, असला घसा असलेला माणूस, न गायलेल्या गाण्याकडून हरला, ह्याचं मला अजून हसू येतं.

‘ग्रीन रिव्हर’, सप्टेंबर १९६९. समोर ‘शुगर, शुगर’, आणि ते म्हणणारा आर्चीज हा बँडच खरा नाही, कार्टूनमधला! गंमत अशी, की अमेरिकेत ‘शुगर, शुगर’ वर चढलं त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये मामांचं ‘बॅड मून’ राज्य करत होतं.

‘ट्रॅव्हलिन बँड’ आणि तबकडीच्या पलीकडच्या बाजूला ‘हूल स्टॉप द रेन’, मार्च १९७०. समोर सायमन आणि गारफंकेलचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’. इथं तक्रार नाही. ते गाणं सहा आठवडे हललं नाही, त्याच्यापुढं कोणाचं काय चालणार.

‘लुकिन आउट माय बॅक डोअर’, ऑक्टोबर १९७०. वर डायना रॉस, ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’. मामांना हेही सांगा, की कॅश बॉक्स नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन साप्ताहिकाच्या यादीत हे गाणं एक आठवडा पहिलं होतं. म्हणजे ‘अमेरिकेत कधीच पहिले नाहीत’ हे म्हणणं बिलबोर्डपुरतंच.

आता यादी लागायची कशी? बारकोड नव्हते, कॉम्प्युटर नव्हता. बिलबोर्डवाले निवडक दुकानांना विचारायचे काय खपतंय, रेडिओ स्टेशनांना विचारायचे काय वाजवताय, आणि दोन्हीचा मेळ घालून आकडा काढायचे. दुकानदार सांगेल ते खरं. दुकानात प्रत्यक्ष विकलेल्या नगांवर मोजणी करायची पद्धत १९९१ ला आली.

दुसरी भानगड रेकॉर्डच्या दोन बाजूंची. क्रीडन्सची सवय अशी, की छोट्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना दमदार गाणं घालायचं. बिलबोर्ड तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायचं. ‘बॅड मून’च्या मागं ‘लोडाय’, ते ५२ पर्यंत गेलं. ‘ग्रीन रिव्हर’च्या मागं ‘कमोशन’, ते ३० पर्यंत. एकाच तबकडीचं वजन दोन ताजव्यांत वाटलं जायचं. नोव्हेंबर १९६९ च्या शेवटी नियम बदलला, दोन्ही बाजू मिळून एक जागा. ‘फॉर्च्युनेट सन’ त्याआधी एकट्यानं १४ वर होतं. मग ‘डाउन ऑन द कॉर्नर’शी जोडलं, आणि जोडी डिसेंबरात ३ वर पोचली.

नियम आधीपासून तसा असता, तर ‘ग्रीन रिव्हर’नं त्या कार्टूनवाल्यांना खाली ओढलं असतं असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही, पण कोणी खोडूनही दाखवावं.

तीन_कॉर्ड_संभाजीनगर

काका, दंडवत! मी कॅफेत गिटार वाजवतो, आणि अनुभवानं सांगतो : नंबर गेले खड्ड्यात. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ १९७१ ला फक्त ८ पर्यंत गेलं. आज क्रीडन्सचं एकच गाणं वाजवायची परवानगी दिली तर लोक तेच मागतात. स्पॉटिफायवर ते अब्जाच्या वर ऐकलं गेलंय. ‘डिझी’ची फर्माइश मला आजवर एकाही टेबलावरून आलेली नाही.

आणि वाजवायला गाणी सोपी, म्हणून फसू नका. ‘बॅड मून’ची तीनच कॉर्ड आहेत, सव्वादोन मिनिटांत खेळ खल्लास. पण मूळ रेकॉर्डवर जॉनच्या भावाची, टॉम फॉगर्टीची ऱ्हिदम गिटार हेडफोन लावून ऐका. कुठं नक्षी नाही, कुठं दाखवेगिरी नाही, पण काढून टाकली तर गाणं बसतं. ती एकसारखी धरून ठेवणं मला आजही जमत नाही, तिसऱ्या कडव्याला हात पुढं पळतोच.

लातूरची_मेरिट

तुम्ही दोघं गाण्यांतच अडकलात. अल्बमची यादी वेगळी असते, तिथं हे चांगले पहिले आलेत. १९६९ ह्या एका वर्षात तीन अल्बम : जानेवारीत ‘बायू कंट्री’, ऑगस्टमध्ये ‘ग्रीन रिव्हर’, नोव्हेंबरात ‘विली अँड द पुअर बॉइज’. क्रमांक अनुक्रमे ७, १ आणि ३. मग जुलै १९७० ला ‘कॉस्मोज फॅक्टरी’, नऊ आठवडे पहिला. तो ब्रिटनमध्येही पहिला आला. नाव पडलं बर्कलीतल्या त्यांच्या सरावाच्या जागेवरून, ड्रमर डग क्लिफर्डला कॉस्मो म्हणायचे.

एवढ्या घाईत काढलेलं काम एवढं नेटकं कसं, हा मला पडलेला खरा प्रश्न. उत्तर माझ्या मते असं, की ही पोरं १९६८ ला एकदम उगवली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोची ही शाळेपासूनची टोळी, आधी ब्लू व्हेल्व्हेट्स, मग कंपनीनं लादलेलं गॉलीवॉग्ज हे नाव. जवळजवळ दहा वर्षं कोणी विचारत नसताना वाजवत होती. गाणी दलदलीची, मिसिसिपीच्या बोटींची, आणि माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची! पहिलं चाललेलं ‘सूझी क्यू’ तर डेल हॉकिन्सचं जुनं गाणं, साडेआठ मिनिटांचं करून, अर्धं तबकडीच्या एका बाजूला अर्धं दुसऱ्या बाजूला. ते ११ पर्यंत गेलं.

डिसेंबर १९७० चा ‘पेंड्युलम’ ५ वर. त्याच्या नंतरचं न बोललेलं बरं.

नाथसागर_पैठण

न बोलून कसं चालेल ताई, खरी गोष्ट तिथंच आहे.

सगळं जॉन ठरवायचा : गाणी त्याची, आवाज त्याचा, वाद्यांची मांडणी त्याची. बाकी तिघांची कुरबुर. थोरला भाऊ टॉम १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडला. आधी थोरला गायचा त्याच बँडमध्ये धाकट्यानं पुढं उभं राहायचं आणि थोरल्यानं मागं ऱ्हिदम धरायची, हे घरोघरी कसं चालतं ते मी सांगायला नको. उरलेले तिघे होते, त्यांचा ‘मार्डी ग्रा’ एप्रिल १९७२ ला आला. त्यात तिघांनीही गाणी लिहायची आणि म्हणायची असा वाटा पडला. अल्बम १२ पर्यंत गेला, ‘समडे नेव्हर कम्स’ २५ पर्यंत. ऑक्टोबरात बँड मोडला.

ऑक्टोबर १९७२ म्हणजे आपल्याकडं दुष्काळ, रोजगार हमीची कामं, सुकडी आणि तांबडी मिलो. तेव्हा कोणाला पत्ता होता असला काही बँड होता म्हणून.

पुढं जॉन आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी फँटसी रेकॉर्ड्स ह्यांचं जुंपलं. करारातून सुटायला त्यानं जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं, आणि कित्येक वर्षं स्टेजवर ती गाणी म्हणायचीच नाहीत असं ठरवून बसला. १९८५ ला त्याचा एकट्याचा ‘सेंटरफील्ड’ पहिला आला. तर कंपनीनं दावा ठोकला, की ह्यातलं एक गाणं ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. म्हणजे जॉन फॉगर्टीनं जॉन फॉगर्टीची चोरी केली! हा गिटार घेऊन साक्षीला बसला, दोन्ही गाणी वाजवून दाखवली, खटला जिंकला. वकिलाच्या खर्चाचा मुद्दा १९९४ ला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, तिथंही निकाल ह्याच्याच बाजूनं. बांधाची भांडणं पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल.

टॉम १९९० ला वारला, दोघा भावांचं नीट जुळलं नाही ते नाहीच. १९९३ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला, तर जॉननं बेस वाजवणारा स्टू कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला. ह्यात मला जॉनची बाजू घ्यावीशी वाटत नाही. गाणी त्याची होती, पण ते दोघंही शाळेपासून सोबत होते.

गोदाकाठ_नांदेड

बाप रे. मामांना सगळं वाचून दाखवलं. ब्रिटनचं ऐकून म्हणाले, “मी कुठं अमेरिका म्हणलो होतो?” आता त्यावर काय बोलणार. कार्टूनवाल्या बँडचं मात्र त्यांना लई लागलंय, दोनदा विचारलं, “खरंच कार्टून?”

एलपीचं सांगा की कोणीतरी. ‘क्रॉनिकल’ का ‘कॉस्मोज फॅक्टरी’?

तीन_कॉर्ड_संभाजीनगर

‘कॉस्मोज फॅक्टरी’. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ अकरा मिनिटांचं आख्खं आहे त्यात.

नाथसागर_पैठण

ते ‘क्रॉनिकल’मध्येही आख्खंच आहे. मामांची कॅसेट कोणीतरी बहुतेक त्यावरूनच भरलेली असणार. कागदावरचा क्रम बघ : ‘सूझी क्यू’ पहिलं आणि ‘समडे नेव्हर कम्स’ शेवटचं असेल तर ती सगळी गाणी त्यांच्याकडं आहेतच, मग ‘कॉस्मोज फॅक्टरी’ घे. क्रम वेगळा असेल तर ‘क्रॉनिकल’. तो संच बिलबोर्डच्या अल्बम यादीत पाचशेहून जास्त आठवडे राहिलाय, त्यामुळं नवी प्रत सहज मिळते. जुनी घेतलीस तर उजेडात तिरपी धरून ओरखडे बघ, आणि दोन्ही तबकड्या आत आहेत ना ते तिथंच मोज.

गोदाकाठ_नांदेड

कागद बघितला. पहिलं ‘सूझी क्यू’, शेवटचं ‘स्वीट हिच-हायकर’. साठ मिनिटांच्या कॅसेटीत मावतील तेवढीच घातली असणार, मधली बरीच गायब आहेत. ‘ग्रेपव्हाइन’ तर नाहीच.

‘क्रॉनिकल’ मागवतो.