क्रॉप केलेला भाग फाइलमधून जात नाही
स्क्रीनशॉट (स्क्रीनचं चित्र) घ्यायला प्रिंट स्क्रीन बटण दाबून अख्खी स्क्रीन वर्डमधे पेस्ट करायची आणि तिथेच क्रॉप करायची, म्हणजे नको तो भाग कापायचा, असं काहीजण सुचवतात, चालतं, पण वर्डमधे क्रॉप केलेला भाग नुसता लपतो, फाइलमधून जात नाही, म्हणजे बाजूला उघडा राहिलेला मेल किंवा पासवर्ड लिहिलेलं नोटपॅड वाचणाऱ्याला परत काढून बघता येतं, हे फार धोक्याचं आहे. तसंच करायचं असेल तर वर्डमधल्याच कॉम्प्रेस पिक्चर्स या पर्यायात जाऊन तो भाग कायमचा डिलीट करा. त्यापेक्षा विंडोज+शिफ्ट+एस दाबून हवा तेवढाच चौकोन घेतलेला बरा, नुसती चालू विंडो हवी तर ऑल्ट+प्रिंट स्क्रीन. आणि चित्र सेव्ह पीएनजी या फाइल प्रकारातच करा हो, जेपेग प्रकारात अक्षरांच्या कडा अंधुक होतात, मेनूतलं बारीक अक्षर तर वाचवत नाही.